निळा आला की नायट्रोजन

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी 'लॅसाइन टेस्ट' लिहिली, पण हा लॅसाइन कोण, असे कोणी विचारले नाही. त्याला मार्क नव्हते. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा त्याची चौकशी करून टाकली.

ज्याँ लुई लासेन्य हा फ्रेंच रसायनज्ञ. पॅरिसजवळ अल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयात तो शिकवत असे. सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन ओळखण्याची रीत त्याने १८४३ मध्ये मांडली. त्याने पोटॅशियम वापरले होते. आपल्या वाट्याला रॉकेलच्या बाटलीतले सोडियम आले. मीठ पाण्यात टाकले की क्लोराइड सुटे होते आणि सिल्व्हर नायट्रेटला लगेच सापडते. सेंद्रिय पदार्थात मात्र क्लोरीन, गंधक, नायट्रोजन कार्बनला घट्ट बांधलेले असतात. म्हणून वितळलेल्या सोडियमने रेणूच मोडायचा. नायट्रोजनचे सायनाइड होते, गंधकाचे सल्फाइड, क्लोरीनचे आपले साधे मीठ. मग लालबुंद नळी बशीतल्या पाण्यात बुडवून फोडायची. (त्या 'फट्' आवाजाला पहिल्या बाकावरचे हुशारही दचकत.) गाळलेल्या पाण्यात फेरस सल्फेट घालून उकळायचे, वर आम्ल, की प्रशियन निळा!

मला खरी गंमत वाटली ती या निळ्याची. तो चाचणीपेक्षा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगवाला तांबडा रंग करायला बसला होता. त्याच्या पोटॅशमध्ये जनावरांच्या रक्तापासून काढलेल्या तेलाची भेसळ होती, असे सांगतात, झाला निळा. रक्तातला कार्बन आणि नायट्रोजन, जोडीला अल्कली आणि उष्णता, म्हणजे आपल्या नळीतलीच गोष्ट. लासेन्यने ती उलटी वाचली: निळा दिसतोय, तर मूळ पदार्थात नायट्रोजन असलाच पाहिजे.

म्हणजे चाचणीचा रंग रंगवाल्याकडून आला, आणि आपण ती शिकलो तेही रंगवाल्यांच्या गावात. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. पुढे डोंबिवलीत रंग-रसायनांचे कारखाने उभे राहिले. नाल्याचे पाणी आज कोणत्या रंगाचे, यावर आपल्याकडे पैजा लागत. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला आणि डोंबिवली बातम्यांत आली. नायट्रोजन, गंधक, क्लोरीन ही आपल्या जर्नलमधली तीन नावे या धंद्यातली रोजची आहेत.

पण याच धंद्यातल्या एका पदार्थापुढे आपली चाचणी फसते. ॲनिलिन बर्फात ठेवून शून्य ते पाच अंशांवर त्याचे डायझो संयुग करतात, आणि त्यातून पुढे ॲझो रंग. त्या डायझोत नायट्रोजन भरपूर. पण तापवले की सोडियमच्या हाती लागण्याआधीच तो वायू होऊन निसटतो. निळा येत नाही, आणि विद्यार्थी बिनधास्त लिहितो, 'नायट्रोजन अनुपस्थित'. आपल्यातले जे पुढे रंगांच्या कंपन्यांत लॅबमध्ये लागले, त्यांनी मेळाव्यात जेवणाच्या रांगेत मला गाठून सांगावे, तिथे तो कसा पकडतात.