पाठलाग व छळाच्या गुन्ह्याचा तपास : जुन्नर व आंबेगाव

स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुषाने तिच्या मागे जाऊन वारंवार संपर्क साधणे वा तसा प्रयत्न करणे, किंवा तिच्या इंटरनेट, ई-मेल व अन्य इलेक्ट्रॉनिक संदेशांवर पाळत ठेवणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालील दखलपात्र गुन्हा. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील या दोन तालुक्यांत त्याचा तपास पुणे ग्रामीण पोलिस दलाकडे असतो. जुन्नर, नारायणगाव, ओतूर व आळेफाटा ही जुन्नर तालुक्यातील, तर मंचर, घोडेगाव व पारगाव ही आंबेगावातील पोलिस ठाणी होत.

कायदा : न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर ३ फेब्रुवारी २०१३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा कलम ७८ ने घेतली. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद असून गुन्हा जामीनपात्र आहे. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद असून तो अजामीनपात्र होतो. लैंगिक छळासाठी कलम ७५ आहे. पीडिता अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा, २०१२ लागू होतो.

फिर्याद : पीडितेची फिर्याद महिला पोलिस अधिकाऱ्याने वा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवावी लागते. हद्दीचे कारण सांगून तिला परत पाठवता येत नाही. पुण्यात शिकणाऱ्या ओतूरच्या मुलीला कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तो पुढे संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारल्यास पोलिस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद आहे. प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का, एवढेच तीत पाहायचे असते. समेट घडवणे हा तिचा हेतू नाही. या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर अशा आदिवासी समाजांतील स्त्रीचा छळ बिगर-आदिवासी पुरुषाने केला असेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू होऊ शकतो. मग प्राथमिक चौकशीची गरज राहत नाही आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

तपास : नकार आणि पुनरावृत्ती या दोन गोष्टी सिद्ध करणे हा तपासाचा गाभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये, एकदाच मागे जाणे म्हणजे पाठलागाचा गुन्हा नव्हे, असा निर्वाळा दिला. म्हणून 'आरोपी त्रास देतो' एवढ्या मोघम वाक्यावर जबाब संपवणे म्हणजे खटला आधीच कमकुवत करणे होय. कोणत्या तारखेला, कोणत्या एसटी स्थानकावर, किती वाजता, तो काय म्हणाला, तिने काय उत्तर दिले, जवळ कोण उभे होते, हे प्रत्येक प्रसंगासाठी स्वतंत्रपणे यायला हवे. मैत्रिणी, वाहक, दुकानदार यांचे जबाब त्याला जोड देतात. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तो तिच्या घरी घ्यावा लागतो. पीडितेचा जबाब न्यायदंडाधिकारीही नोंदवतात.

सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, त्यामुळे स्थानक, चौक व दुकानांतील चित्रण लगेच मागवावे लागते. मोबाइल पंचांसमक्ष जप्त करून पंचनामा होतो. जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील व सिमधारकाची माहिती मागवली जाते. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जालन्यातील निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली, असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. आरोपीला सरसकट अटक होत नाही; बहुधा हजर राहण्याची नोटीस दिली जाते. त्याची बाजू आणि त्याने दिलेले पुरावे तपासणेही तपासाचाच भाग आहे.

अंतिम अहवाल : पुरावा पुरेसा असल्यास दोषारोपपत्र दाखल होते. नसल्यास महाराष्ट्रात समरी पाठवण्याची पद्धत आहे : गुन्हा खरा पण आरोपी वा पुरावा मिळत नाही तेव्हा 'अ', खोटी फिर्याद ठरल्यास 'ब', गैरसमज वा दिवाणी स्वरूप असल्यास 'क'. समरी मंजूर करायची की नाही, हे न्यायालय ठरवते आणि फिर्यादीला तिला विरोध करता येतो. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला वा पीडितेला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

महत्त्व : फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेटवले आणि तिचा मृत्यू झाला. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पाठलाग हा किरकोळ त्रास समजून सोडून द्यायचा विषय नाही, हे महाराष्ट्राला त्यातून कळले पाहिजे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. घरच्यांनी मुलीचे कॉलेज बंद करू नये, आलेले संदेश पुसू नयेत आणि तारखा लिहून ठेवून तिच्यासोबत ठाण्यात जावे.