वेळू : वृक्ष की तृण ?

वेळूस वृक्ष म्हणावे की तृण, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या वर्गात फार वेळ टिकत नाही. तो गवताच्या कुळातला असून ऊस व ज्वारी हे त्याचे आप्त होत. कायद्यास मात्र हे उमगण्यास पुष्कळ काळ लागला, व तोवर कोयता घेऊन रानात जाणारा मनुष्य हक्कदार की गुन्हेगार, हे त्या एका शब्दावर ठरत राहिले.

आमच्या खामगावाची ख्याती कापसाची. जलंबपासून येथवर आगगाडीचा फाटा आला तोही कापसासाठी, आणि १८७० साली खुद्द लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास आले होते. परंतु कापूस पिकविणाऱ्या या काळ्या सपाटीत वेळूचे रान नाही. सूप, टोपली, कणगी, परडी, पाळणा, तिरडी, पाडव्याच्या गुढीची काठी, म्हणजे जन्मापासून स्मशानापर्यंतचे सारे साहित्य ज्या वस्तूचे, ती बाहेरून आणावी लागे. पूर्णा ओलांडून उत्तरेस गेले की जळगाव जामोद व संग्रामपूर यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग लागते. वेळूची रानबेटे आहेत ती त्या बाजूस.

या बेटांतील दोन जाती आमच्या वाचकांनी ओळखून ठेवाव्यात. मानवेल ही कोरड्या उतारावरची. ती बहुधा भरीव, उंचीने वीस ते पन्नास फूट आणि मनगटाएवढी किंवा त्याहून बारीक. लाठीस हीच उत्तम. दुसरा कळक, अर्थात काटस. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत तो ऐंशी-शंभर फुटांपर्यंत चढतो, बुंधा सहा-सात इंच जाड होतो, आणि आतून पोकळ असला तरी त्याची भिंत इतकी जाड असते की घराचे वासे त्याचेच करीत. बुडाशी वाकड्या काट्यांच्या फांद्यांचे असे जाळे असते की कोयत्याने वाट केल्यावाचून हात आत जात नाही.

आता खरी मेख ऐकावी. वृक्ष वर्षानुवर्षे जाड होतो, म्हणून जाडीवरून त्याचे वय कळते. वेळूचे तसे नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब, ज्यास विदर्भात वास्ता म्हणतात, वर येतो तो आपली पुरती जाडी घेऊनच येतो. दोन-तीन महिन्यांत सारी उंची गाठतो, आणि पुढे आयुष्यभर केवळ कठीण होत जातो. उलट, वाढत्या बेटातून दरवर्षी अधिकाधिक जाड कोंब निघतात. तेव्हा ‘सर्वांत जाड तो सर्वांत जून’ असे समजून जो घाव घालील तो पोरास मारून म्हाताऱ्यास ठेवील. जाणता तोड्या जाडी पाहत नाही. कांड्यावर आवरण चिकटून आहे, अंगावर पांढरी भुकटी आहे, तर तो या वर्षीचा. हिरवा रंग मळला, शेवाळाचे डाग पडले व कोयत्याची पाठ ठोकता टणक नाद आला, तर तो तीन वर्षांपुढचा; तोच तोडावयाचा.

अडचण अशी की नवे वेळू बेटाच्या कडेला असतात आणि जुने मध्यभागी, काट्यांच्या आड. सोपी तोड तीच चुकीची तोड. म्हणून एका बाजूने घोड्याच्या नालासारखी वाट कापून आत शिरावे, जून काढावे, कडेचे राखावे. घाव जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या किंचित वर तिरपा असावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोयता लावूच नये, आणि एकदा तोडलेल्या बेटास तीन-चार वर्षे विसावा द्यावा. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या वेळूस कीड लागत नाही, असे जुने लोक सांगतात. चंद्राविषयी आम्ही हमी घेत नाही. भुंगेरा पोखरतो तो वेळूतील पिठूळ अंशासाठी, आणि ऋतूप्रमाणे हा अंश कमीजास्त होतो. म्हणून हिवाळ्यातील तोड व नंतर वाहत्या पाण्यात काही आठवडे भिजवत ठेवणे, एवढे मात्र खरे औषध.

हे ज्ञान रानात होते, आणि कायदा झाला कचेरीत. १८७८ च्या वन-कायद्याने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माड, वेत यांबरोबर वेळूही घातला. १९२७ च्या कायद्याने तीच व्याख्या पुढे चालविली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असले तरी नावाने निजामाचे, त्यामुळे ब्रिटिश मुलुखाचे कायदे येथे निराळे लागू करावे लागत. परंतु राखीव रानाची दृष्टी तीच होती. पुढे चांद्याच्या रानातील वेळू बल्लारपूरच्या कागद-कारखान्यास मिळू लागला. नगावर मजुरी घेणारा परका मजूर काट्यांत कशास शिरेल ? तो कडेचे कोवळे तोडतो, तेही कमरेच्या उंचीवर.

या रीतीस अडविले ते गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने. २००६ च्या वनहक्क कायद्याने वेळूस गौण वनोपज म्हटले होते, आणि २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर रानावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही वाहतुकीचा परवाना मिळेना. कारण १९२७ च्या कायद्याप्रमाणे वेळू अद्याप वृक्षच! एकाच सरकारच्या दोन कायद्यांत एकच वस्तू दोन जातींची. देवाजी तोफा व त्यांच्या गावकऱ्यांनी हट्ट सोडला नाही. २१ मार्च २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून वेळूस गौण वनोपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल रोजी ते स्वतः व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले असता परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. आपल्या रानातील वेळू कोणता तोडावा, याबरोबरच तो कोणास विकावा, हेही गावाने ठरविण्याचा मार्ग त्या पुस्तकाने मोकळा झाला.

आमच्या बाजूची कथा निराळी आहे. संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याचे रान १९९७ मध्ये अंबाबरवा अभयारण्य झाले व पुढे मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात गेले. तेथील बेटांवर व्यापारी कोयता चालत नाही. वाघाच्या दृष्टीने हे योग्यच. कोरकू व बुरुड यांच्या दृष्टीने तितके सोपे नाही.

२०१७ साली संसदेने व्याख्येतून वेळू हा शब्द गाळला, म्हणजे १८७८ पासून मोजता १३९ वर्षांनी. परंतु सवलत रानाबाहेरच्या वेळूपुरती. खामगावच्या शेतकऱ्याने बांधावर लावलेला कळक तो आता परवान्यावाचून तोडू शकतो. सातपुड्याच्या ओढ्याकाठी आपोआप उगवलेला तोच कळक वनोपजच राहिला आहे.