मातीतल्या किरणांच्या नकाशाची कुळकथा

मातीच्या नैसर्गिक किरणोत्साराचा नकाशा भूशास्त्रीय नकाशाशेजारी ठेवला, की कितीतरी सीमारेषा जुळतात. या जुळणीचा पाया १९०६ साली रॉबर्ट स्ट्रट यांनी घातला. नोबेल विजेत्या लॉर्ड रॅले यांचे हे चिरंजीव. खडकाची पूड करून ती विरघळवायची, द्रावण बंद बाटलीत कित्येक दिवस ठेवायचं, मग उकळून त्यात साठलेला वायू, म्हणजे रेडियमपासून निघणारा रेडॉन, विद्युतदर्शीत सोडायचा. त्यातलं सोन्याच्या वर्खाचं पान किती लवकर मिटतं, त्यावरून रेडियम मोजायचं. अत्यंत चिकाटीचं काम. निष्कर्ष मात्र लख्ख निघाला: ग्रॅनाइटमध्ये रेडियम जास्त, बेसाल्टसारख्या खडकांत कमी.

कारण शिलारसात आहे. रेडियमचा जनक युरेनियम, आणि थोरियम, यांचे अणू आधी गोठणाऱ्या खनिजांच्या चौकटीत सहजी मावत नाहीत. ते उरलेल्या रसात साचत जातात, आणि तो रस शेवटी ग्रॅनाइट होतो. पोटॅशियमचाही ओढा तिकडेच.

तरी नकाशा व्हायला चार दशकं गेली. गायगर गणक किरण मोजतो, पण ते कोणाचे हे सांगत नाही. १९४८मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरात आणला आणि किरणांची ऊर्जा ओळखता येऊ लागली. पोटॅशियम १.४६, युरेनियमची साखळी १.७६, थोरियमची २.६१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर सापडते. असे स्फटिक विमानात बसवून, जमिनीलगत उडत, अख्खे प्रदेश मोजले गेले; आधी युरेनियमच्या शोधात, पुढे भूशास्त्रासाठी. मोजणी होते ती जमिनीच्या वरच्या जेमतेम अर्ध्या मीटरची. पावसाने हवेतली रेडॉनची अपत्यं, म्हणजे त्याच्या क्षयातून बनलेले अणू, खाली आली, तर काही तास युरेनियम उगाच जास्त दिसतं. म्हणून असा नकाशा वाचताना मोजणीच्या दिवसाचं हवामान विचारायलाच हवं.

माती खडकाची हुबेहूब नक्कल नसते, हेही इथेच कळतं. पोटॅशियम पाण्याबरोबर वाहून जातं, युरेनियमही विरघळतं, थोरियम हट्टाने जागेवर राहतं. जांभ्याच्या जमिनीत म्हणूनच पोटॅशियम फिकं आणि थोरियम त्या मानाने ठळक दिसतं.

खडक आणि मातीच्या या नात्याचं आपल्या पश्चिम किनाऱ्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज सापडलं. गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम हवं असण्याचा तो काळ. केरळातल्या चवऱ्याच्या अशा वाळूचं मूळ मागच्या डोंगरांतल्या प्राचीन रूपांतरित खडकांत आहे. तिथून नद्यांनी आणलेले जड कण लाटांनी पाखडून किनाऱ्यावर ठेवले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही लाटांनी काळी वाळू अशीच पाखडली आहे. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट भरपूर. मोनाझाइट मात्र जवळजवळ नाहीच, कारण मागे सह्याद्रीचा बेसाल्ट आहे.