दोन पदरांचं सूत

कऱ्हाकाठच्या आमच्या घरी माळ्यावर एक लाकडी पेटी असायची. उघडली की आत दोन चाकं, एक मोठं नि एक लहान, आणि कडेला चाती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना चरख्याला हे पेटीतलं रूप आलं, म्हणून खादीवाले त्याला 'येरवडा चक्र' म्हणत. आजोबा बेचाळीसला त्याच तुरुंगात जाऊन आले नि कातायची सवय घेऊन आले.

लोकांना वाटतं, पुण्यात चरखा गांधीजींबरोबर आला. तसं नाही. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७२ सालीच स्वदेशीची शपथ घेतली. ते स्वतः सूत काढत, त्याचंच कापड विणून घेत. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक सभेच्या वतीने गेले तेही हातसुताच्या कपड्यांत. राजेरजवाड्यांच्या जरीत तो पांढरा पोशाख कसा दिसला असेल! तेव्हा गांधीजी सात-आठ वर्षांचे होते.

आजोबांचं ऐकून आजीही कातू लागली. तिच्या मनात एकच होतं, आपल्या सुताचं नऊवारी लुगडं. दोन वर्षं दुपारची झोप मोडून तिनं तीस गुंड्या काढल्या. एका गुंडीत ६४० तार, एक तार ४ फुटांचा. हिशोब तुम्हीच करा. आजोबांनी गुंड्या कोष्ट्याकडे नेल्या. आठ दिवसांत परत आल्या. "ताणा धरत नाही," एवढाच निरोप.

कोष्ट्याची चूक नव्हती. हातानं काढलेला एकेरी धागा सारखा नसतो. बारीक जागी पीळ धावून जातो, जाड जागी पेळू सैलच राहतो, नि फणीच्या घासण्यात तिथंच तुटतो. गिरणीच्या सुतावर हात बसलेला विणकर दर वितीला गाठ मारत कशाला बसेल? पुढं खादीवालेही म्हणू लागले, की सूत दुबटा करून द्या, दोन धाग्यांचा एक. एकाची सैल जागा दुसरा सांभाळतो.

आजीला हे कुणी शिकवलं नाही. तिनं दोन भरल्या गुंडाळ्या खोक्यात दाभणांवर बसवल्या, दोन्ही टोकं चातीला बांधली, चाक नेहमीसारखं फिरवलं. सूत आंगठीसारखं वेटोळं व्हायला लागलं. रडकुंडीला आली बिचारी. मग तिला माहेरच्या अंबाडीच्या दोराची आठवण झाली. पदर एकीकडं वळायचे, दोर उलटा वळायचा. तिनं चाक उलटं फिरवलं. बोटं ओली करून दोन्ही धागे सारखे ताणून सोडले. हातभर सूत लोंबतं धरलं तर ते नुसतं सरळ उभं राहिलं, एकही आढी नाही. "आता तोडून दाखवा," आजोबांना म्हणाली.

आजोबांनी ओढून पाहिलं. बोटाला करकोचा पडला.

पण तिसाच्या पंधरा गुंड्या झाल्या होत्या. नऊवारीला पुरणार कुठून? आजोबा म्हणाले, आणखी दोन वर्षं कात. कातायला बसणारं माणूस कोण, हे त्यांनी विचारलंच नाही, असं आजी पुढं कितीदा तरी सांगायची.

१९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांना गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवली होती. ही बातमी गावात आली तेव्हा आजी बराच वेळ पेटीकडे बघत बसली होती, असं आई सांगते. काय मनात आलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

कोष्ट्यानं तेच दुबटा सूत मागावर चढवलं. साडेसहा वार जाड कापड निघालं. आजीनं ते मधोमध कापून दोन पाट जोडले, पासोडी केली. थंडीत आम्ही तीन भावंडं तिच्याखाली झोपायचो. धुऊन धुऊन मऊ झाली, कडेनं उसवली, पण मधे कुठं विरली नाही.