उतरंडीतले रसायन

आपल्याकडे घर लहान असले तरी उतरंड मोठी असे. तळाशी धान्याचा रांजण, त्यावर डाळीचे मडके, त्यावर मीठ, त्यावर चिंच आणि अगदी टोकाला घरातल्या बाईलाच ठाऊक असलेले एक लहानसे गाडगे. त्यात कधी चार पैसे असत, कधी मुलांचे औषध असे आणि काही घरांत असे काही आंबत घातलेले असे की ज्याचे नाव पाहुण्यापुढे घ्यावयाचे नसे. राजेरजवाड्यांच्या लढाया बखरींत सापडतात. या टोकावरच्या गाडग्याचा इतिहास मात्र कायद्याच्या पुस्तकांत आणि पंचनाम्यांत शोधावा लागतो.

वास्तविक आंबवणे ही क्रिया आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही. ताक, आंबील, लोणचे ही सारी तिचीच लेकरे. बिअर म्हणजे तरी काय? जवाला मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, गरम पाण्यात त्यांचा गोडवा उतरवून घ्यावयाचा, कडवटपणासाठी हॉपची फुले घालून उकळावयाचे आणि निवल्यावर यीस्ट सोडावयाचे. पण आंबील सकाळी पिऊन संपते. बिअर बाटलीत भरून ठेवावी लागते, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते. साखर पुरती आंबण्यापूर्वी बूच घट्ट बसवले तर आत वायू कोंडतो आणि वैशाखातल्या एखाद्या दुपारी माळ्यावर बाटली फुटते. म्हणून तिला थंड, काळोखी जागा हवी. शिवाय गाळ तळाशी बसावा म्हणून ती उभी ठेवावयास हवी. दीड खणाच्या बिऱ्हाडात अशी जागा एकच असते. तेथे आधीच देव मांडलेले असतात किंवा आजी निजलेली असते!

घरी मद्य करावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. राज्याला मद्यापासून उत्पन्न हवे होते, तेव्हा त्याने कडक नियम घातले. पण त्याच प्रकरणात तो गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा करण्याची आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. उत्सव, यात्रा अशा वेळी चार दिवसांची सूटही देतो. त्या कठोर माणसाला एवढे समजत होते की राजाचा हात दुकानापर्यंत पोहोचावा, प्रत्येक उतरंडीपर्यंत पोहोचू नये.

इंग्रजांना हे समजले नाही, किंवा समजूनही परवडले नाही. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करावयाच्या, मोठ्या भट्टीतच दारू गाळावयाची आणि तिच्यावर कर बसवून मक्तेदारामार्फत विकावयाची, अशी ती व्यवस्था होती. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा हा डोंगराळ मुलूख आहे. तेथील कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या घरांत मोहाची फुले वाळवून साठवण्याची रीत होती. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. तो वेचावयाचा, उन्हात वाळवावयाचा आणि कणगीत भरावयाचा. टंचाईच्या दिवसांत ती फुले उकडून खात आणि सणावाराला त्यांची दारूही गाळीत. कणगी एकच, फूलही एकच. त्याचे अन्न होणार की दारू, हे घरधनीण ठरवी.

सरकारला हे ठरवणे आपल्या हाती हवे होते. घाटाखालच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत चोरून दारू गाळली जाते, म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांचा कायदा झाला. गुन्हा दारूचा, पण बंधन आले ते फुलावर! घरात वाळलेली फुले साठवणे हीच संशयाची गोष्ट ठरली. जंगलात आपोआप गळून पडलेले फूल वेचणाऱ्या म्हातारीला कायद्याच्या भाषेत ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ कळला तो असा.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे इतिहासकाराला शोभणार नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी डोंगर चढून आली. सुरगाणा, डांग या भागांतून ती पुढे दक्षिण गुजरातेत गेली. तिला सलाबाई म्हणत. माणसांच्या अंगात येऊन ती सांगे: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करू नका. हजारो आदिवासींनी ते ऐकले. मक्तेदाराच्या उधारीने त्यांची शेते गिळली होती, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ज्यांच्या घरची भट्टी मोडून त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवले होते, त्यांनीच ती पायरी सोडावयाची ठरवले.

पुढे स्वराज्य आले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा प्रयोग करून पाहिलाच होता. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मौज अशी की दुकान बंद होताच उतरंडीला पुन्हा महत्त्व आले. शब्दही नवे घडले. ‘हातभट्टी’ हा त्यांपैकीच. गूळ आणि नवसागर घालून आंबवलेल्या द्रवाला पंचनाम्यात ‘रसायन’ म्हणू लागले. वैद्याच्या मात्रेचे नाव फौजदाराच्या कागदावर गेले. ‘पहिल्या धारेची’ हा भट्टीवरचा शब्द तर इतका पसरला की आज न पिणारा माणूसही तो सहज वापरतो.

लहान घरात हे रसायन लपवणे मोठे कठीण काम. पिंप झाकता येते, वास झाकता येत नाही. म्हणून पिंपे नाल्याच्या चिखलात पुरली जात, माल रबरी ट्यूबमधून नेला जात असे. धाड पडे तेव्हा पुरुष बहुधा पसार झालेला असे आणि पंचांसमोर उभी राही ती बाई. कायद्यात अशी तरतूद होती की भट्टीचे सामान कोणाजवळ सापडले आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्ह्याचे गृहीत धरता येई. मडके कशासाठी, याचा खुलासा फौजदारापुढे देणे किती गृहिणींना जमले असेल?

हा कायदा न्यायालयातही गेला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक कायदा कायम ठेवला. मात्र मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने जवळ बाळगण्यावरची बंदी अवैध ठरवली. घरातल्या एका बाटलीला न्याय मिळाला तो असा. १९६० नंतरच्या दशकात परवान्यांची बंधने सैल होत गेली. तरी परवान्यावाचून घरी मद्य करणे गुन्हाच राहिले, मग ते मोहाचे असो की जवाचे.

त्याच नाशिकमध्ये पुढे द्राक्षांची वाइन आली. १९९९ साली सुला कंपनी सुरू झाली आणि गंगापूर धरणाच्या बाजूला प्रवासी तळघरे पाहावयास येऊ लागले. तेथे बाटल्यांना थंडावा आहे, काळोख आहे, आडवे पहुडण्याची ऐसपैस जागा आहे. कारागिरीचा मला आदर आहे. शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले याचा आनंदही आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या डोंगरावर कणगीतले फूल मात्र संशयितच राहिले होते. मोहफुले गोळा करणे, साठवणे व नेणे यांवरील आदिवासींची बंधने महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ साली. १८९२ पासून मोजले तर एकशे एकोणतीस वर्षे झाली.

तेव्हा प्रत्येक उतरंड मोकळी सोडावी काय? इतके सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्यांचा घात आंबवलेल्या गुळाने किंवा फुलाने केला नाही; कारखान्यातल्या मिथेनॉलने केला. आणि ज्या घरात नवरा पिऊन येतो, त्या घरात साठवणुकीच्या हक्काच्या गप्पा कोण ऐकणार?

म्हणूनच महाराष्ट्रातल्या बायकांनी एक वेगळीच रीत वापरली. गावातील दारूचे दुकान राहावे की जावे यासाठी मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला निम्म्याहून अधिक मतदारांची मते पडली की दुकान बंद. बिअरची बाटली उभी ठेवावी, वाइनची आडवी, असे जाणकार सांगतात. आपल्या आयाबहिणींनी त्या आडव्या बाटलीला तिसराच अर्थ दिला. बाटली कोठे आणि कशी ठेवावी, हे कौटिल्यापासून सर्वांनी ठरवून पाहिले. जिच्या घरात ती ठेवली जाते, तिला हे विचारावयास मात्र आपल्याला फार उशीर लागला.