हयातीचा दाखला

जळगावाहून दोन कोसांच्या अंतरावर, तापीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीत वसलेल्या असोदा गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १८८० साली तेथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्यामुळे. परंतु नांगराचा मुलूख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खानदेशाने पलटणीकडे गेलेली माणसेही पाहिली आहेत, आणि नोकरी पुरी करून, पांढऱ्या मिशांनी परतलेला ‘फौजी’ हा येथल्या पारावरचा परिचित गृहस्थ आहे. त्याच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या वार्धक्याची तजवीज कोणी व कशी केली, ही हकीकत मात्र बहुतांशी दफ्तरांतच पडून राहिली आहे.

मराठेशाहीत ही तजवीज प्रायः कुटुंबाच्या द्वारे होत असे. १६५९ साली अफझलखानाचा प्रसंग निभावल्यावर शिवाजी महाराजांनी जखमी लोकांना जखमेच्या मानाने होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीस घेतले आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले, असे सभासदाची बखर सांगते. पुढे पेशव्यांच्या दफ्तरात कामी आलेल्या शिपायाच्या घराला ‘बालपरवेशी’, म्हणजे मुलाबाळांच्या पालनपोषणाची नेमणूक, दिल्याच्या नोंदी आढळतात. वृद्ध सैनिकांसाठी निराळी वास्तू बांधावी, अशी कल्पना या व्यवस्थेत दिसत नाही; कारण इनामाची जमीन ज्या गावात, त्याच गावात म्हाताऱ्या शिपायाला उठवून बसवणारी सून आणि काठी हाती देणारा नातू असणार, हे सरकार गृहीत धरून चालत असे.

युरोपात राजेलोकांनी याच्या उलट मार्ग धरला. पॅरिसमध्ये चौदाव्या लुईने १६७० साली आणि लंडनजवळ चेल्सी येथे दुसऱ्या चार्ल्सने १६८२ साली जर्जर सैनिकांसाठी भव्य निवास उभारण्यास घेतले. कंपनी सरकारने मात्र आपल्या एतद्देशीय शिपायासाठी असा वाडा बांधण्याऐवजी त्याला पेन्शन देऊन गावी पाठवण्याचा रिवाज पाडला. खानदेश १८१८ साली इंग्रजी अमलाखाली आला, तेव्हा सातपुडा व सातमाळा यांच्या घाटवाटांवरील भिल्ल नाईकांनाही बंदोबस्ताच्या अटीवर तनखे बांधून देण्यात आले. आणि नुसत्या तनख्यांनी भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स औटराम याने धरणगावास भिल्लांची पलटण उभारली. ज्यांच्या बंदोबस्तासाठी फौज पाठवायची त्यांनाच फौजेत घ्यायचे, हा त्या वेळी धाडसाचा वाटलेला प्रयोग सफल झाला. कालपर्यंत डोंगरात लपणारा मनुष्य सरकारी हजेरीपटावर आला, आणि ज्याला पूर्वी केवळ पुंडाई माहीत होती त्याला नियमित पगाराची आणि त्या पगाराबरोबर येणाऱ्या कागदाची ओळख झाली.

पेन्शनर एकत्र राहिले म्हणजे समाजाला काय लाभते, हे कोकणात दापोलीस दिसून आले. तेथील निवृत्त सैनिकांच्या वस्तीतूनच गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारखे समाजसुधारक पुढे आले आणि सुभेदार रामजी सकपाळ महू येथील नोकरीनंतर काही काळ तेथेच सहकुटुंब राहिले. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली संस्था स्थापन झाली. ती पुढे खडकीस स्थिरावली. त्याच खडकीत, पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग निकामी झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालू आहे. दुसऱ्या महायुद्धापुरते भरती झालेले असंख्य शिपाई तर पेन्शनला लागणारी सेवेची मुदत भरण्यापूर्वीच घरी पाठवले गेले. त्यांच्या वाट्याला पदके आली, पण पेन्शन आले नाही, आणि त्यांची विचारपूस जिल्हा सैनिक मंडळांकडे सोपवली गेली.

या सर्व फेरफारांत एक गोष्ट कायम राहिली: म्हाताऱ्याने सरकारपुढे जायचे, सरकारने म्हाताऱ्याकडे नव्हे. पूर्वी कागदावर त्याची चेहरेपट्टी लिहिलेली असे, आणि कपाळावरचा वण, हातावरचे गोंदण ताडून पाहून कारकून रक्कम मोजी. आज दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून हे काम अंगठ्याच्या ठशावर होऊ लागले खरे. परंतु पलटणीनंतर वीस-पंचवीस वर्षे विळा-कोयता चालवलेल्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र ठसा स्वीकारीत नाही; म्हातारा धोतराच्या सोग्याला अंगठा पुसतो, पुन्हा टेकवतो, आणि मागे उभी असलेली रांग चुळबुळू लागते. अलीकडे चेहरा पाहूनही दाखला घेता येतो आणि २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हे काम करू लागला आहे. शतकांच्या रिवाजात ही एक लहानशी उलट चाल आहे, आणि तिचे मोल पैशांपलीकडचे आहे.

कारण जुन्या व्यवस्थेने जे कुटुंब गृहीत धरले होते, ते आता पुण्या-सुरतेला गेले आहे. पेन्शन खात्यात जमा होते, पण भेटीस कोणी येत नाही. क्वचित एखादा वृद्धाश्रमाच्या खाटेवर येऊन पडतो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी देऊन आपण कर्तव्य संपले असे मानतो. भेटीस जाणाऱ्याने मात्र हार-तुऱ्यांपेक्षा त्याच्या लोखंडी पेटीतल्या कागदांकडे अधिक लक्ष द्यावे. सेवापुस्तकात पत्नीचे नाव पुष्कळदा माहेरचे लागलेले असते, आधारपत्रावर सासरचे. ही तफावत तो हयात असताना एका अर्जाने मिटण्याजोगी असते, आणि त्याच्या पश्चात तीच त्याच्या विधवेला कुटुंब-पेन्शनीसाठी महिनोन् महिने खेटे घालायला लावते. गावच्या तरुणाने एक दुपार खर्चून ते कागद वाचावेत, एकमेकांशी जुळवून घ्यावेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्याच्यासोबत जावे. बालपरवेशीने एके काळी जे साधले, त्याचा निदान एक अंश आज एवढ्याने साधतो.