नायगावचा माळ : शिबिराला जाण्यापूर्वी

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरावर नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. येथे निसर्ग शिबिर नेले, की गवताळ उतार आणि विरळ काटेरी झाडे पाहून मुले विचारतात, "सर, जंगल कुठे आहे?" "पूर्वी होते, माणसाने तोडले," असे आपण सवयीने सांगतो. हे उत्तर तपासून पाहायला हवे.

माळाला 'पडीक' म्हणण्याची सवय महसुलाच्या दप्तरातून आली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी मुलखात जमिनीची मोजणी झाली, तेव्हा सारा देणारी ती शेती आणि इमारती लाकूड देणारे ते जंगल, असा हिशेब होता. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. गवत या दोन्हींत बसेना. मेंढपाळ आणि गुराखी त्यावर जगत होते. पण दप्तराच्या दृष्टीने ती जमीन रिकामीच होती.

मग माळ मुळात किती जुना? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी याचा शोध जुन्या मराठी वाङ्मयात घेतला. संतचरित्रे, ओव्या, दैवतकथा यांतून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील ४४ रानवनस्पतींचे उल्लेख जमवले. त्यांपैकी २७ वनस्पती गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशातल्या निघाल्या. म्हणजे तेथील माळ निदान काही शतके जुने आहेत. हा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. तो बीडचा नाही, आणि मराठवाड्यात वृक्षतोड झालीच नाही असेही त्यावरून म्हणता येणार नाही. पण बालाघाटही तसाच पर्जन्यछायेत आहे आणि काळ्या कातळावरील मातीचा थर तेथेही पातळ आहे. अशा जागी गवत दिसले की 'उजाड झालेले जंगल' असा निष्कर्ष लगेच काढू नये.

गवत किती तयारीचे असते हे शिबिरातच पाहता येते. चालताना विजारीत घुसलेली कुसळे जपून काढा. एक वाळके कुसळ ओल्या कापसावर ठेवा. त्याचा पिळलेला केसर उलगडत गोल फिरू लागेल. वाळला की पुन्हा पीळ बसेल. या फिरण्याने टोकाशी असलेले बी जमिनीत शिरते आणि टोकावरचे उलटे केस ते बाहेर येऊ देत नाहीत. पहिल्या पावसाआधीच पेरणी उरकलेली असते!

इतिहास समजला की शिबिराची शिस्तही बदलते. वनखात्याची परवानगी घेऊन, ते दाखवतील त्याच जागी मुक्काम करावा. वाळल्या गवतात शेकोटी पेटवू नये. मोर आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून पायवाट सोडू नये. आणि शिबिराची आठवण म्हणून माळावर खड्डे खणून झाडे लावण्याची प्रथा तर आवर्जून टाळावी. दाट सावलीत ही गवते तगत नाहीत, आणि गवत गेले की त्यावर जगणारे पक्षी, ससे, हरणे यांचाही आसरा जातो. झाडे शाळेच्या आवारात लावावीत. माळावर मुलांना वही-पेन्सिल देऊन गवताचे प्रकार मोजायला बसवावे. "जंगल कुठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर त्यांना त्यांच्याच वहीत सापडेल.